भरीत, दाणे आणि एक नामंजूर अर्ज

स्वयंपाकघराशी माझा खरा संबंध आला तो साठीनंतर. त्याआधीची वीस वर्षे बँकेत गेली, 2001 साली स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतरची जवळपास तेवढीच कादंबऱ्या लिहिण्यात गेली, आणि या दोन्ही काळांत ताट समोर येत असे व मी जेवत असे. पत्नी गेल्यावर चिंचवडच्या घरात मी आणि गॅसची शेगडी असे दोघेच समोरासमोर उरलो. पोळी मला अखेरपर्यंत साधली नाही. वरण-भात जमला. भाज्यांत मात्र असा एकच पदार्थ सापडला, की ज्यात चिरण्याची कसरत जवळजवळ नाही आणि नवशिक्यालाही तो फारसा दगा देत नाही. वांग्याचे भरीत. तेही आमच्या साताऱ्याकडचे दही आणि दाण्याचे कूट घातलेले नव्हे, तर खानदेशी. भाजलेले वांगे, मिरची-लसणाचा ठेचा, कांद्याची पात आणि अख्खे शेंगदाणे.

हे मी कोणाकडून शिकलो ते सांगायचे, तर एक जुनी फाइल उघडावी लागेल.

1995 साली माझी बदली आकुर्डीजवळच्या एका शाखेत झाली. पत्नी साताऱ्याला शाळेत शिक्षिका, मुले तिच्याजवळ. म्हणजे मी वयाच्या सदतिसाव्या वर्षी पुन्हा एकटा, खोली करून राहणारा. या पट्ट्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 पासून औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घेऊन भूखंड पाडले, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना नट-बोल्टपासून रबरी वायसरपर्यंत सगळे पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपे भोसरीत उभी राहिली. माणसे मात्र कुठून आली हे इमारतींवर लिहिलेले नसते. ते आमच्या खाते उघडण्याच्या फॉर्मवर असे. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात यावल, रावेर, चोपडा, अमळनेर, पारोळा. आयटीआय झालेला मुलगा रात्रीच्या एसटीने निघायचा, सकाळी गावच्या कोणा भाऊच्या खोलीत ट्रंक टेकवायचा आणि आठवड्याभरात हेल्पर म्हणून कुठेतरी चिकटायचा. पुढे त्याच्या पगाराचे खाते आमच्याकडे.

अशाच दहा-बारा मुलांना जेवू घालणाऱ्या एका बाईंच्या खानावळीत मी महिना बांधला. खानावळ म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. बाई जळगावकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, ते वर्कशॉप बंद पडले आणि ते गृहस्थ घरी बसले. सगळी मुले बाईंना ‘ताई’ म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणू लागलो. त्या मला ‘साहेब’ म्हणत आणि पहिल्या पंगतीला बसवत. दोन्ही गोष्टींचा मला थोडा अभिमान होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

थंडी पडली की गुरुवारी भरीत. गावाकडून येणाऱ्या कोणाबरोबर वांग्यांचे पोते यायचे. ही वांगी आपल्या जांभळ्या वांग्यांसारखी नसतात. हिरवी, पांढुरक्या रेघांची, चांगली मोठी आणि बीने कमी. (जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ताईंना त्याआधी वीस वर्षे ते ठाऊक होते.) तिकडे शेतात ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा तुराट्यांवर भाजतात. जाळ पटकन भडकतो, साल करपते, आतला गर धुरकट वासाचा होतो. आकुर्डीत पऱ्हाट्या कुठून आणणार? ताईंनी एकदा यंत्रांच्या पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या फोडून जाळल्या. त्या दिवशीच्या भरिताला राळेचा असा वास आला, की मुले म्हणाली, “ताई, आज कंपनीचं भरीत!” त्यानंतर कोळशाची शेगडी.

1996 च्या पावसाळ्यात ताई बँकेत आल्या. माझ्या टेबलासमोर, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पंधरा हजार रुपये हवे होते. मोठी पातेली, जादा गॅस आणि शेजारची खोली, एवढे झाले की चाळीस डबे करता येतील, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब तोंडी होता आणि बरोबर होता. मी तो कागदावर मांडून पाहिला. रोजचे धान्य, तेल, कोळसा, महिन्याची वसुली, एकही आकडा फुगवलेला नव्हता. पण जामीनदार नाही, तारण नाही, नवऱ्याला नोकरी नाही. प्रधानमंत्री रोजगार योजना 1993 पासून सुरू होती, परंतु ती सुशिक्षित बेरोजगारांसाठी. चौथी शिकलेली बाई तिच्यात बसेना. त्याच आठवड्यात मी दोन स्कूटरकर्जे डोळे मिटून मंजूर केली होती. स्कूटर तारण राहते.

वरिष्ठांकडे शिफारस करून पाठवता आले असते. तेवढा अधिकार मला होता. पण मागच्याच ऑडिटमध्ये माझ्या दोन खात्यांवर शेरे आले होते आणि मला तिसरा शेरा नको होता. मी अर्जावर ‘विचारार्थ नाही’ असे लिहून सही केली.

रात्री जेवायला गेलो. न जाणे हे जाण्यापेक्षा अवघड होते, कारण महिन्याचे पैसे भरलेले होते. माणूस किती लहान कारणांनी धीट होतो! ताईंनी नेहमीसारखे वाढले. अर्जाविषयी अवाक्षर नाही. भरीत नव्हते त्या दिवशी, पावसाळ्यात नसेच, आमटी होती. दोन भाकऱ्या खाऊन मी उठलो.

पैसे त्यांनी भिशीतून उभे केले. किती महागात, ते मी विचारले नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

आता पदार्थाकडे येतो, कारण तो सांगण्याचे मी सुरुवातीला कबूल केले आहे. वांगे घेताना ते तळहातावर तोलावे. आकाराच्या मानाने हलके असेल ते घ्यावे, जड वांगे बहुधा बियांचे. धुऊन कोरडे करावे, तेलाचा हात फिरवावा आणि सुरीने चार-पाच ठिकाणी टोचावे, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटते आणि गॅसभोवती पसारा होतो. (मला हे अनुभवाने कळले.) मध्यम आचेवर, देठाशी धरून फिरवत, सगळीकडून साल काळी होऊन वांगे मऊ पडेपर्यंत भाजावे. कच्च्या वांग्याचा गर स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो. तो पुरता खाली बसला पाहिजे. मग ताटलीखाली दहा मिनिटे झाकून ठेवावे, साल आपोआप सुटते. ती नळाखाली धरून मात्र काढू नये. ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला तो मोरीत जातो.

दाणे चाकणहून आणतो. चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी नावाजलेला, पण तिथे भुईमुगाच्या शेंगाही येतात आणि त्यातल्या एका प्रकाराला व्यापारी ‘जळगाव’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी नाव दोनदा विचारून घेतले. ज्या गावाच्या शिवारांत आता फोक्सवॅगन आणि महिंद्राचे कारखाने आहेत, तिथे शनिवारच्या बाजाराला जाण्यासाठी मी बसने तास-दीड तास घालवतो, याला माझा मुलगा हसतो. हसू दे. दाणे लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजावेत, खवट किंवा काळपट दिसला की तो काढून टाकावा. एक खवट दाणा सगळ्या घासाची वाट लावतो. दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते, त्यामुळे घाई केली तर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर परतून खरबरीत ठेचावेत. कढईत तेल, त्यात दाणे, खोबऱ्याचे पातळ काप, मग ठेचा, चिरलेली पात, शेवटी ठेचलेला गर आणि मीठ. पाच मिनिटांत उतरवावे. हळदीविषयी वाद आहेत, त्यात मी पडत नाही.

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात सोडलेली वांगी अनेक घरांत त्या दिवशी पुन्हा सुरू होतात, म्हणून तिला वांगेसटही म्हणतात. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावर त्या दिवशी गर्दी असते. तिथेच चार वर्षांपूर्वी ताई भेटल्या. केस पांढरे, बरोबर नातू. मुलगा आता चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, डबे सून पाहते, चाळीस नव्हे, सव्वाशे. त्यांनीच मला ओळखले. “साहेब, जेवणाचं काय करता?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी खरे ते सांगितले. त्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावून गॅसजवळ उभे केले आणि वर लिहिले ते सगळे शिकवले.

अर्जाचा विषय मीच काढला. गर ठेचता ठेचता त्या म्हणाल्या, “तुम्ही कागदाचे नोकर होते तवा. पर मला वाईट वाटलं ते त्याचं नाही. तुम्ही त्या रात्री दोनच भाकरी खाल्ल्या.”

मला उत्तर सुचले नाही. त्यांनी मुसळी माझ्या हातात दिली.

गेल्या चंपाषष्ठीला मी त्यांना घरी जेवायला बोलावले. पाच माणसांचे भरीत आयुष्यात प्रथमच केले. भाकरी त्या बांधून घेऊन आल्या, माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता. त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, ताटातला एक दाणा बोटांनी उचलून उजेडात धरला.

“वांगं बरं भाजलंय,” त्या म्हणाल्या. “दाणे कच्चे ठेवले.”

आणि त्यांनी वाटी पुढे केली.