भूमिका-खेळातील खेळपद्धती आणि नीतिविचार

खेळ हा संस्कृतीचा केवळ विरंगुळा नसून तिच्या घडणीतील एक मूलभूत व्यापार आहे, हा विचार योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली मांडला. पुढे १९५८ साली रॉजर कायवा या फ्रेंच विचारवंताने खेळांचे चार वर्ग पाडले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. आपल्याकडील उदाहरणे घ्यावयाची तर हुतूतू पहिल्या वर्गात, कवड्यांचा जुगार दुसऱ्यात, बहुरूप्याचे सोंग तिसऱ्यात आणि फुगडी चौथ्या वर्गात मोडेल. प्रस्तुत लेखात ज्या भूमिका-खेळाचा विचार करावयाचा आहे, त्याची गणना मुख्यतः तिसऱ्या वर्गात होते. सोंग घेणाऱ्याच्या वर्तनास कोणता नीतिनियम लावावा, हा जुना प्रश्न या खेळात नव्या रूपाने उभा राहतो.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. उरलेले योद्धा, मांत्रिक, चोर अशी एकेक पात्रे घेतात. सूत्रधार काल्पनिक जगातील प्रसंग सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतात, आणि जिचे यश अनिश्चित असेल त्या कृतीचा निर्णय फाशांनी होतो. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा आद्य खेळ मानला जातो.

नांदेड-लातूर परिसरातील वाचकांस या रचनेची कल्पना येण्यास गोंधळाचे स्मरण पुरेसे आहे. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई किंवा तुळजापूरच्या भवानीचे कदमराई गोंधळी आख्यान लावतात, तेव्हा नाईक कथा सांगतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, अडवतो, प्रसंगी कथेतील पात्रही होतो. भेद असा की, गोंधळातील आख्यानाचा शेवट ठरलेला असतो आणि तो कुळाचार असल्यामुळे मंडळी कशासाठी जमली याविषयी संदेह नसतो. भूमिका-खेळाचा शेवट सूत्रधारासही ठाऊक नसतो आणि प्रत्येक खेळाडूचा हेतू निराळा असू शकतो. मतभेदांचे मूळ येथे आहे.

एक कल्पित प्रसंग घेऊ. दुष्काळ पडला आहे. कंधार किंवा औसा येथल्यासारख्या एका भुईकोटात धान्याची पेवे भरलेली आहेत आणि किल्लेदार ती उघडू देत नाही. ते धान्य गावापर्यंत पोचविणे हे चौघा खेळाडूंचे कार्य आहे. पहिला खंदकाची रुंदी व पहाऱ्याच्या वेळा विचारून बेत आखतो. दुसऱ्यास आपल्या योद्ध्याचे बळ आणि शस्त्रे वाढविण्यात गोडी आहे. तिसरी किल्लेदाराशी बोलू पाहते. आपले पात्र पूर्वी याच किल्ल्यात दासी होते, हे तिला त्या संभाषणातून उलगडावयाचे आहे. चौथ्यास एकूण कथा रंगतदार व्हावी असे वाटते. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० साली ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या नियतकालिकातील लेखात युद्धचातुर्य, सामर्थ्यसंचय, भूमिकानिष्ठा आणि कथारस अशा ज्या चार प्रवृत्ती वर्णिल्या, त्या याच होत. यांपैकी एकही स्वभावतः हीन नाही. तथापि बेत आखणाऱ्यास संभाषण म्हणजे कालापव्यय वाटतो, तर भूमिकेत रमलेलीस त्याचा हिशेब रूक्ष वाटतो. आणि ‘खरा खेळ’ कोणता याविषयी वाद सुरू होतो.

या वादाची उकल करण्यास समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांचे १९८३ सालचे विवेचन उपयोगी पडते. अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटीविषयक सिद्धान्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, मेजाभोवती बसलेली व्यक्ती एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरते : ती एक माणूस असते, खेळाडू असते आणि पात्र असते. आमचे प्रतिपादन असे की, पद्धतीचा प्रश्न खेळाडूच्या पातळीवरचा, पात्राच्या पापपुण्याचा प्रश्न पात्राच्या पातळीवरचा आणि अवमानाचा प्रश्न माणसाच्या पातळीवरचा होय. एका पातळीचा प्रश्न दुसऱ्या पातळीवर सोडवू गेले की कलह माजतो.

पद्धतीच्या भेदावर उपाय म्हणजे पूर्वसंकेत. आज अनेक ठिकाणी पहिली बैठक खेळण्यासाठी न वापरता, कोणास काय अपेक्षित आहे हे बोलून घेण्यासाठी ठेवतात. रूक्ष हिशेब करणाऱ्याच्या पात्रास सूत्रधाराने कथेत संकटात टाकून शिक्षा करणे हे मात्र पातळ्यांचे मिश्रण होय.

पात्राच्या नीतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात नीती पटावरच लिहिलेली असते : सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरातून साप. तेथे खेळणारा निवड करीत नाही. दान पडेल तेथे तो जातो. १९७४ च्या खेळाने नीती पटावरून उचलून पात्रास चिकटविली. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुतकथांच्या प्रभावाने सुव्यवस्था, तटस्थता व अराजक असे तीन पक्ष त्यात आले. १९७८ च्या नियमपुस्तकात सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष धरून नऊ प्रकार झाले. पॅलाडिन नावाच्या धर्मयोद्ध्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केल्यास त्याचे पदच जावे, असाही नियम होता.

या व्यवस्थेतून दोन दोष उद्भवले. पहिला असा की, स्वभावाची चिठ्ठी ही सबब बनली. सोबत्यांचीच चोरी करून ‘माझे पात्रच तसे आहे’ असे म्हणणारा खेळाडू हे विसरतो की, ते पात्र त्यानेच निवडले आहे. दुसरा दोष अधिक खोल आहे. ऑर्क यांसारख्या काही जमाती जन्मतःच दुष्ट ठरविल्या गेल्या. ज्या प्रदेशात बलिप्रतिपदेस बळीचे राज्य येवो असे म्हणून ओवाळतात आणि जेथे जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त असुरकथांचा उलटा अर्थ लावला, तेथील वाचकांस जन्मावरून नीती ठरविण्यातील धोका समजावून सांगावयास नको. खेळाच्या प्रकाशकांनीही २०२० साली अशा जमातींच्या एकांगी चित्रणाबद्दल फेरविचार जाहीर केला आणि २०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’ ही संज्ञा वगळली.

मग पात्राच्या दुष्कृत्याचे काय करावे? वरील प्रसंगात चोर म्हणतो, किल्ल्याखालची वस्ती पेटवून द्यावी, म्हणजे पहारेकरी तिकडे धावतील. असे सुचविणारा खेळाडू दुष्ट ठरत नाही. त्याच्या सूचनेस उत्तर कथेतच द्यावे : धर्मयोद्ध्याने विरोध करावा, आणि वस्ती पेटलीच तर तिच्यातील माणसे पुढील प्रसंगी जाब विचारावयास यावीत.

परंतु येथेच तिसरी पातळी जागी होते. मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. त्या घरांतील मुले-नातवंडे आज आपल्या वर्गांत आणि वसतिगृहांत आहेत. एकाच्या दृष्टीने जी युद्धयुक्ती, ती शेजारी बसलेल्या दुसऱ्याच्या घरची आठवण असू शकते. आणि सूत्रधारास त्याची कल्पनाही नसते. अशा वेळी ‘हा तर खेळ’ हे उत्तर अपुरे आहे. जॉन स्टाव्रोपुलस यांनी २०१३ च्या सुमारास रूढ केलेली युक्ती येथे विचारार्ह वाटते. मेजावर फुलीचे एक पत्र ठेवावयाचे. कोणीही त्यास स्पर्श केला की चालू प्रसंग तेथेच सोडावयाचा आणि कारण विचारावयाचे नाही. यातील महत्त्वाचा भाग हा शेवटचाच होय. कारण सांगणे भाग पडले तर आपली जात, आपले घर, आपला इतिहास अनोळखी मंडळींपुढे मांडावा लागेल. त्यापेक्षा गप्प बसून सहन करणे पुष्कळांस सोपे वाटते. कारण न विचारण्याचा नियम त्या मौनाची सक्ती दूर करतो.

यावरून खेळात आदर म्हणजे सर्व काही चालवून घेणे नव्हे, हे स्पष्ट होईल. पद्धती भिन्न असोत, त्यांविषयी आधी बोलावे. पात्रे बरी-वाईट असोत, त्यांचा न्याय कथेत व्हावा. माणसाचा अवमान मात्र कोणत्याही भूमिकेच्या आड क्षम्य मानू नये.

संशोधनाच्या दृष्टीने येथे पुष्कळ काम होण्यासारखे आहे. गोंधळ, भारूड, लळित यांत सोंग घेणारा आणि सोंग यांमधील सीमा कोण व कशी राखतो, साथीदाराच्या थट्टेस मर्यादा कोणती, ती ओलांडल्यास नाईक काय करतो, या बाबी प्रत्यक्ष प्रयोग पाहून व कलावंतांशी बोलून नोंदविता येतील. लोकसाहित्य, नाट्यशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतल्यास नव्या खेळाचे आकलन होईलच, शिवाय आपल्या जुन्या प्रयोगपरंपरेतील अलिखित नियमही लेखनबद्ध होतील.