वीस चिप्सची थप्पी

पोकरच्या चिप्सची पेटी दाखवताना दुकानदार त्यातली एक चिप उचलतो, तुमच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "वजन बघा साहेब." पेटीवरही ग्रॅमचा आकडा ठळक छापलेला असतो. साडेअकरा, साडेतेरा, चौदा. आकडा चढतो तशी किंमत चढते, आणि जड म्हणजे भक्कम या आपल्या जुन्या हिशेबाने हातही खिशाकडे जातो.

या वजनाचं मूळ चिपच्या पोटात आहे. बाहेरून एबीएस प्लॅस्टिक आणि आत धातूची चकती. अमेरिकी घडणीची खरी कॅसिनो चिप साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅमची असते, म्हणजे 'कॅसिनो क्वालिटी' असं छापलेल्या या पेटीतल्या चिपपेक्षा हलकीच. व्यास दोन्हींचा सारखा, 39 मिलिमीटर. मग आत धातू कशाला? नुसतं प्लॅस्टिक हाताला पोकळ लागतं, आणि चांगलं साहित्य वापरण्यापेक्षा चकती घालणं पुष्कळ स्वस्त पडतं. 2003 साली टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्यानंतर अमेरिकेत घरोघरी पोकरचे अड्डे जमू लागले आणि ॲल्युमिनियमच्या पेटीतल्या या जड चिप्सचा बाजारात सुळसुळाट झाला. आपल्याकडे आज मिळतात त्या बहुतेक त्याच जातीच्या.

आमच्या घरच्या खेळात पैसा नसतो. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि कायदा नसता तरी मित्रामित्रांत, भावंडांत पैशाने खेळायची आमची इच्छा नाही. हिशेब पॉइंटांत होतो, वहीत लिहिला जातो आणि तिथेच राहतो. चिप्स चांगल्या हव्यात असा माझा आग्रह आहे तो यामुळेच. पैशाने खेळणाऱ्याला पैशाचा धाक असतो. आमच्यापुढे चिपखेरीज दुसरं काहीच नसतं. चिंचोके किंवा काडेपेटीतल्या काड्या घेऊन पोकर खेळून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या डावाला कोणीतरी अख्खी मूठ पुढे लोटतं, दुसरा हसत हसत तेवढीच लोटतो, आणि पोकरमधला विचार तिथेच संपतो. समोरच्याजवळ किती शिल्लक आहे हे नजरेने जोखता आलं पाहिजे, आणि आपण पुढे करतोय ते गमावलं तर काहीतरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे. चिंचोक्यांच्या ढिगात यातलं काहीच साधत नाही. नीट रचलेली थप्पी मोडताना मात्र माणूस क्षणभर थांबतो. पोकरला तो क्षणच हवा असतो.

चांगली चिप कशी वागते हे बघायचं असेल तर पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एखाद्या कॅसिनोच्या बोटीवर जावं आणि डीलरच्या हातांकडे बघत उभं राहावं. कोणी मोठी पैज जिंकली की डीलर वीस चिप्सची थप्पी एका हाताने उचलून टेबलावर ठेवतो. मग तर्जनीने खालून पाच चिप्स बाजूला करतो, हात तसाच पुढे सरकवत आणखी पाच, आणखी पाच. बघता बघता पाच-पाचच्या चार थप्प्या सारख्या उंचीने शेजारी शेजारी उभ्या राहतात. मोजणी झाली हे खेळणाऱ्याला दिसतं आणि छतावरच्या कॅमेऱ्यालाही. तो तोंडाने काही मोजत नाही. बोटाला पाच चिप्सची जाडी पाठ असते. आता हेच काम त्याला घरगुती पेटीतल्या गुळगुळीत चिप्सनी करायला द्या. एक चिप केसभर जाड, दुसरी केसभर पातळ निघाली की बोट चुकतं. पृष्ठभाग निसरडा असला की तर्जनी लागताच वरच्या चिप्सही घसरतात. अर्धं कसब डीलरच्या हातात असतं, उरलेलं अर्धं चिपमध्ये.

म्हणून पारख करायची ती थप्पीची. एक चिप हातात घेऊन काहीच कळत नाही. वीस सुट्या चिप्स घ्याव्या, शक्यतो वेगवेगळ्या रंगांच्या, आणि सपाट टेबलावर रचाव्या. डोळे थप्पीच्या उंचीला आणून बघावं. थप्पी सरळ उभी राहते की कुठे कललेली दिसते? दोन चिप्समध्ये प्रकाशाची फट दिसते का? एका रंगाच्या वीस आणि दुसऱ्या रंगाच्या वीस शेजारी ठेवल्या तर माथे एका पातळीत येतात का? स्वस्त पेट्यांमध्ये रंगागणिक जाडी बदललेली मी पाहिली आहे. तशा पेटीत दोन थप्प्या नुसत्या उंचीवरून ताडता येत नाहीत, प्रत्येक वेळी मोजत बसावं लागतं. नंतर वरच्या चिपला बोटाने टिचकी देऊन फिरवावं. ती भिंगरीसारखी गरगर फिरली तर मधला भाग किंचित फुगलेला आहे, आणि ती थप्पी डावाच्या मध्ये हमखास ढासळणार. शेवटी अंगठ्याचं नख कडेवरून गोल फिरवावं. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर प्लॅस्टिकची बारीक धार राहिलेली असते, ती नखाला लगेच लागते. एका चिपवर ती क्षुल्लक वाटते, पण वीस चिप्स एकमेकींत मिसळायला गेलं की याच धारा अडतात.

मातीची चिप म्हणून जी ओळखली जाते तिच्यात नुसती माती नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हस्तिदंताच्या, हाडाच्या, शिंपल्याच्या चिप्स होत्या. त्यानंतर माती आणि लाख एकत्र करून दाबलेल्या चिप्स आल्या. आज खनिज भुकटी आणि राळ यांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक कारखाना आपली कृती झाकून ठेवतो. ती बनते कशी हे कळलं की तिची किंमतही पटते. रंगीत मिश्रणाच्या लादीतून गोल चकत्या कापतात. त्यांच्या कडेला खाचा पाडून त्या खाचांत दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात. दोन्ही बाजूंना मधोमध छापील चकती ठेवतात आणि सगळं साच्यात घालून उष्णता आणि दाब देतात. साच्यातून निघते तेव्हा कडेचे रंगीत तुकडे चिपच्या अंगात मुरलेले असतात. कितीही झिजली तरी ठिपक्याचा रंग जात नाही, कारण तो वरून दिलेला नाही. मधला छापही पृष्ठभागाच्या पातळीत बसलेला असतो. स्वस्त चिपवर तो नंतर चिकटवलेला कागद असतो, जो वर्षभरात कडेला उचलला जातो आणि त्यात मळ भरतो. अमेरिकेतल्या पॉलसन कंपनीच्या चिप्सच्या कडेला उंच टोपी आणि छडी यांची नक्षी असते, आणि हात लावून पाहिलेल्या चिप्समध्ये मला त्याच सर्वांत आवडल्या. पण ती कंपनी माल देते कॅसिनोंना. घरच्या खेळाडूंच्या हाती येतात त्या बंद पडलेल्या कॅसिनोंच्या जुन्या चिप्स, आणि त्यांची किंमत एका चिपमागे डॉलरांत मोजावी लागते. भारतात बसून तो नाद परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही.

गरज भागवते ती सिरॅमिक नावाने विकली जाणारी चिप. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीशी तिचा काही संबंध नाही. हीसुद्धा कृत्रिम राळेचीच, पण पोटात धातू नाही आणि पृष्ठभाग बारीक खरखरीत. छपाई थेट चिपच्या अंगावर होते, कडेवरही होते, त्यामुळे उचलला जाणारा कागदच नाही. दहा ग्रॅमच्या आसपास वजन. हिच्यातही सगळ्याच चांगल्या नसतात. गरगर फिरणाऱ्या चिप्स या प्रकारात बऱ्याच निघतात, म्हणून टिचकीची परीक्षा इथे चुकवू नये. पण चांगल्या घडणीची सिरॅमिक मिळाली तर घरच्या खेळाला तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. धातूच्या चकतीची चिप सनमायकाच्या टेबलावर खणखणते. रात्री बारानंतर तो आवाज खालच्या मजल्यावर पोचतो. सिरॅमिक आणि मातीच्या चिपचा आवाज दबका, कोरडा असतो.

रंग निवडताना लोक सौंदर्य बघतात. माझ्या मते ते दिवाणखान्यातल्या दिव्याखाली बघावेत, तेही रात्री. दुकानाच्या पांढऱ्या उजेडात वेगळे दिसणारे गडद निळा, गडद हिरवा आणि काळा पिवळ्या बल्बखाली एकसारखे होतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही असं एखादं माणूस पुष्कळ घरांत असतं, आणि ते सहसा बोलून दाखवत नाही. कडेचे ठिपके इथेच कामाला येतात. लाल चिपला चार रुंद पट्टे आणि हिरवीला आठ बारीक असतील तर रंग न कळताही फरक कळतो, आणि थप्पीत एखादी वेगळी चिप घुसली तर ती लांबून दिसते. अमेरिकेत पांढरी 1, लाल 5, हिरवी 25, काळी 100 आणि जांभळी 500 हा क्रम रुळलेला आहे. तो पाळला तर बाहेरून आलेल्या पाहुण्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

आकडे छापलेल्या चिप्स घ्याव्या की कोऱ्या, हा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा आहे. अमेरिकेतल्या सल्ल्यांमध्ये 5, 25, 100, 500 हीच साखळी सांगतात आणि पोकरला ती उत्तम चालते. पण आपल्या घरी पोकर झाल्यावर आत्या आणि मामी येऊन बसतात आणि तीन पत्तीचा डाव मांडला जातो. तीन पत्तीत पत्ते बघितलेल्याला न बघितलेल्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. पाचाचे दहा, दहाचे वीस, विसाचे चाळीस. या दुपटीत 25 ची चिप सारखी सुटे मागते. तिथे 5, 10, 50, 100 हीच साखळी सोयीची. दोन्ही खेळ होत असतील तर कोऱ्या चिप्स घ्या, आणि कुठल्या रंगाचे किती हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवा. फक्त पोकर खेळत असाल तर आकडे छापलेल्या बऱ्या, मात्र डॉलरचं चिन्ह नसलेल्या.

किती घ्यायच्या याचं गणित मांडूनच दुकानात जावं. आठ जणांचा पोकर, प्रत्येकी हजार पॉइंट, ब्लाइंड म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या पैजा 5 आणि 10. प्रत्येकाला पाचाच्या दहा, पंचविसाच्या दहा आणि शंभराच्या सात चिप्स दिल्या की बरोबर हजार होतात. आठ जणांना 216 चिप्स लागल्या. पाचाच्या 80, पंचविसाच्या 80, शंभराच्या 100 आणि पाचशेच्या 40 असा 300 चा संच केला तर मध्येच बाद झालेल्यांना पुन्हा बसवायलाही भरपूर उरतात. तयार पेट्यांत मात्र बहुधा पांढऱ्या चिप्सचा ढीग आणि कामाच्या रंगाच्या मोजक्याच असतात. म्हणून रंगागणिक सुट्या चिप्स देणारा विक्रेता शोधावा.

खेळताना चिवडा आणि भजी असणारच, आणि त्यांचं तेल बोटांवरून चिपवर जाणारच. गुळगुळीत चिप तेलाने आणखी निसरडी होते. खरखरीत चिपची पकड टिकते, पण तिच्या रेषांत मळ बसतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, जुना मऊ टूथब्रश आणि लगेच कोरडं फडकं, एवढं पुरतं. मातीची चिप पाण्यात भिजत घालू नये. पावसाळ्यात पेटीतला फोम ओल धरतो आणि त्याला वास येतो, म्हणून आम्ही चिप्स झाकण नसलेल्या लाकडी ट्रेमध्ये ठेवतो. सतरंजीवर बसून खेळत असाल तर मध्ये एक पाट किंवा प्लायवूडची फळी ठेवून तिच्यावर बनात ताणून लावा. नुसत्या सतरंजीवर कितीही चांगली चिप आणली तरी कोणी मांडी बदलली की थप्पी पडते.

हे सगळं महाग आहे, मान्य. पण 300 जड चिप्सच्या पेटीच्या पैशांत 200 चांगल्या सिरॅमिक येत असतील तर 200 च घ्या. पाचाच्या 60, पंचविसाच्या 60, शंभराच्या 60 आणि पाचशेच्या 20. सहा जणांच्या खेळाला तेवढ्या पुरतात.