परदेशाशी करार झाला, पण खाडीकाठच्या गावाला काय मिळतं?

मालवण : अमक्या शहराचा परदेशातल्या तमक्या शहराशी करार झाला, अशा बातम्या मोबाईलवर अधूनमधून येतात. नदीकाठचा विकास, व्यापार, पर्यटन असे शब्द त्यात असतात. कर्ली किंवा कालावल खाडीच्या काठावर राहणाऱ्याला प्रश्न पडतो, ह्यातलं आमच्या गावात काय येणार?

शहरांचे करार कसे असतात?

मुंबईचं जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराशी १९६८ पासून असं नातं आहे. पुण्याचं ब्रेमेनशी आहे. ब्रेमेन हे वेझर नदीकाठचं बंदराचं शहर. अशा नात्यात मुख्यतः माणसांची आणि माहितीची देवाणघेवाण होते. करार झाला म्हणजे लगेच पैसे येतात असं नाही. ग्रामपंचायतीला तर ही वाट नाहीच. आपल्या जिल्ह्यात परदेशी मदत आली ती वेगळ्या वाटेने.

सिंधुदुर्गात काय झालं?

१९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मासेमारीवर बंदी येईल म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. पुढे जागतिक पर्यावरण निधीने सुमारे ३४ लाख डॉलर दिले आणि यूएनडीपी, केंद्र व राज्य सरकारने मिळून इथे प्रकल्प राबवला. ह्या वेळी नुसती बंदी नव्हती, सोबत रोजगारही होता.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस दिले गेले. नेहमीचा आस जाळं ओढताना आवळून बंद होतो, त्यामुळे बारकी पिल्लंही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात आणि पुढच्या हंगामाला मोठी होतात. खाड्यांमध्ये कालवं, शिनाणे आणि खेकड्यांची शेती सुरू झाली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवू लागल्या.

नंतर हरित हवामान निधीतून आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर झाले. आपला जिल्हा त्यातही आहे.

व्यापाराचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवं मरतात म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. कासवाला बाहेर पडायला वाट देणारं साधन जाळ्यात हवं, अशी त्यांची अट. म्हणजे वायंगणी, तांबळडेगच्या वाळूत अंडी घालणाऱ्या कासवाचा आणि जेटीवरच्या कोळंबीच्या दराचा थेट संबंध आहे. जाळं कसं आहे, हे आता परदेशातला गिऱ्हाईकही विचारतो.

गावाने काय विचारावं?

पैसा कुठूनही येवो, गावात तो गट आणि समितीमार्फतच पोचतो. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत गटाला ९० टक्के अनुदान आणि १० टक्के वाटा गटाचा, अशी रचना आहे. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते.

म्हणून ग्रामसभेत चार प्रश्न विचारायला हवेत. आपल्या गावात समिती आहे का आणि तिच्यात खाडीत उतरणारी माणसं आहेत का? गटाचा वाटा कोण भरणार? खेकड्याची पिल्लं कुठून येणार? आणि तयार माल कोण, काय दराने उचलणार?

तिसरा प्रश्न किरकोळ वाटेल, पण इथे खेकड्याची पिल्लं थेट तामिळनाडूच्या हॅचरीतून आणावी लागली आहेत. ती वेळेवर आली नाहीत तर हंगाम जातो. शिवाय खेकडे एकमेकांनाच खातात, त्यामुळे सोडलेली सगळी हातात येत नाहीत. हिशेब करताना हे धरावंच लागतं.

प्रकल्पाची मुदत संपते, साहेब बदलतात, फलक गंजतो. मागे राहतं ते गटाच्या हातातलं काम. मांडवी खाडीतली होडी बायकांच्याच वल्ह्यावर चालते, हे लक्षात ठेवलेलं बरं.