एकांत, प्रार्थना आणि आज्ञापालन

एकांतात ईश्वर भेटतो ही समजूत आपल्याला परकी नाही. ख्रिस्ती परंपरेतही तिसऱ्या-चौथ्या शतकांत अंतोनीसारखे साधक याच ओढीने मिसरच्या वाळवंटात गेले. परंतु एकांतात एक धोका असतो. तेथे आपल्याला अडविणारे कोणी नसते. मनाची लहर आणि देवाची इच्छा यांतला भेद मग ओळखावा कसा?

या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने दिले. सुबियाकोच्या गुहेत तो स्वतः एकटा राहिला होता. पुढे त्याने माँते कासिनो येथे मठ स्थापिला आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. एकांतवास तिला अमान्य नाही; मात्र सहजीवनात दीर्घकाळ कसोटीला उतरलेल्यानेच त्या वाटेला जावे, असे ती सांगते.

प्रार्थनेच्या वेळा दिवसा सात आणि रात्री एक. इशारा होताच हातचे काम टाकून निघावयाचे. तरीही सारा दिवस प्रार्थनेत घालवावयाचा नाही. अंगमेहनत आणि वाचन यांनाही नेमून दिलेला वेळ आहे, आणि दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत तर प्रत्यक्ष ख्रिस्त आला असे मानून करावयाचे आहे.

आज्ञापालन म्हटले की आपण बिचकतो, आणि ते स्वाभाविक आहे. सत्ता हाती आलेला माणूस उन्मत्त होतो, हे आपण पाहतो. बेनेडिक्टलाही याची जाण होती. मठाधिपती मठवासीयांनीच निवडावा. महत्त्वाच्या प्रश्नी त्याने सर्वांना, अगदी धाकट्यालाही, विचारावे. निर्णय त्याचा, पण प्रत्येक जिवाबद्दल देवापुढे जाब देणेही त्यालाच. एखादे काम अशक्य वाटले, तर योग्य वेळी शांतपणे तसे सांगण्याची मुभा आहे. त्यावरही आज्ञा कायम राहिली, तर देवावर विसंबून ती पाळावी. येथे आपल्यापैकी पुष्कळांचे पाऊल अडखळेल. परंतु माणसाची आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध गेली तर देवाचीच पाळावी, ही मर्यादा प्रेषितांच्या काळापासून ख्रिस्ती धर्माने मानली आहे.

आपण गृहस्थ आहोत. मठ आपला मार्ग नव्हे. पण प्रार्थनेतून उठल्यावर घरच्या माणसाचे बोलणे आपण अधिक धीराने ऐकतो का, एवढे तपासून पाहणे आपल्याही हाती आहे. तसे होत नसेल, तर आपण एकांतात कोणाशी बोलत होतो, याचा विचार केला पाहिजे.