'लास्ट सीन' पाहून तब्येत कळत नाही

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातली मुले 'नीट'च्या शिकवणीसाठी लातूर-नांदेडला खोली घेऊन राहतात. गावाकडे आई-वडिलांच्या हातात उरतो मोबाईल. रात्री बाराला लेक 'ऑनलाइन' दिसली, की वाटते अभ्यास सोडून काय करतेय? दिवसभर दिसलीच नाही, तर बरी असेल ना? झोप लागत नाही म्हणून बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या पालकांना मी आता विचारतो, रात्री किती वेळा व्हॉट्सअ‍ॅप उघडून पाहता?

ही खूण जुनीच आहे. १९९६ मध्ये आलेल्या 'आयसीक्यू'सारख्या सेवांमध्ये माणूस संगणकापासून उठला की 'अवे' दिसे. मोबाईल मात्र सतत खिशात असतो. त्यामुळे 'ऑनलाइन'चा अर्थ व्हॉट्सअ‍ॅप त्या क्षणी उघडे आहे, एवढाच. नोट्स पाहणारी मुलगी ऑनलाइन दिसते. यूट्यूब पाहत जागणारा मुलगा दिसत नाही. यावरून झोप, अभ्यास किंवा मन:स्थिती ओळखता येत नाही.

पुन्हा पुन्हा पाहिल्याने चिंता क्षणभर उतरते आणि नव्या शंकेसह परत येते. मग तीच सवय लागते. आपल्यावर नजर आहे हे कळले, की मूलही 'लास्ट सीन' लपवते. तसे लपवले म्हणजे काही काळेबेरे आहे, असे समजू नये. या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री एक वाजता 'अजून जागीच?' असा मेसेज पाठवून आपणच ती मोडतो.

त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी फोन करा. टेस्टचे मार्क नंतर. आधी जेवण, झोप आणि मेसमधल्या मैत्रिणींविषयी विचारा. खाणे किंवा झोप बिघडली, बोलणे टाळले जाऊ लागले, आवाज सतत पडलेला वाटला, तर भेटायला जा. 'माझ्याने होणार नाही', 'मी नसलेलीच बरी' असे शब्द कानावर आले, तर त्याच दिवशी निघा. पोहोचेपर्यंत तिला एकटे ठेवू नका. वॉर्डन किंवा खोलीतल्या मैत्रिणीला सोबत थांबायला सांगा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास मदत मिळते. पालकही तिथे बोलू शकतात.