विश्लेषण : व्हिडीओ का अडखळतो? दोष लाइनचा की घरातल्या राउटरचा?

पनवेल-रोहा मार्गावरचे आपटा हे छोटे रेल्वे स्थानक १९९५ मधल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाने देशभर पोहोचवले. गाडी सुटते आहे, नायिका फलाटावरून धावते आहे, हे शेवटचे दृश्य इथेच चित्रित झाले. आज हाच चित्रपट आपट्यातल्या घरात टीव्हीवर लावला आणि नेमक्या त्या क्षणी पडद्यावर गोल चकली फिरू लागली, तर पहिला राग निघतो इंटरनेट कंपनीवर. दुसऱ्या दिवशी जास्त वेगाचा, महागडा प्लॅन घेतला जातो. तरीही चकली फिरतच राहते. कारण बऱ्याचदा बिघाड घराबाहेर नसतो. तो राउटर, त्याचा ॲडॅप्टर, एखादी वायर किंवा मधली भिंत यांत असतो. तो नेमका कुठे आहे, हे कोणताही खर्च न करता अर्ध्या तासात शोधता येते.

व्हिडीओला नेमका किती वेग लागतो?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे ३० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर घरातले तीन-चार पडदे एकाच वेळी सुरळीत चालायला हवेत. मग व्हिडीओ अडखळतो का? व्हिडीओ एकसंध येत नाही. काही सेकंदांच्या तुकड्यांत तो येतो आणि पुढचे तुकडे आधीच साठवून ठेवले जातात. नवे तुकडे येण्यात वारंवार खंड पडला की साठा संपतो आणि चित्र थांबते. त्यामुळे सरासरी वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. स्पीड टेस्टमध्ये मोठा आकडा दिसूनही चित्र अडखळते ते यामुळेच. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात हा साठा कमी असतो आणि व्हिडीओ कॉलमध्ये जवळपास नसतोच. म्हणून चित्रपट नीट चालतो, पण डॉक्टरांशी सुरू असलेला व्हिडीओ कॉल किंवा मुलांचा ऑनलाइन वर्ग तुटतो.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

सिग्नलच्या प्रवासाचे तीन टप्पे असतात. बाहेरून घरापर्यंत येणारी लाइन, घरातला राउटर आणि राउटरपासून टीव्हीपर्यंतचा वायफाय. एकेक टप्पा वेगळा करून तपासावा.

पहिली चाचणी राउटरजवळची. लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून, तो वायफायवर ठेवून राउटरपासून दोन पावलांवर उभे राहावे आणि तोच व्हिडीओ दहा मिनिटे चालवावा. इथेही चित्र अडखळले, तर शंका लाइनवर किंवा राउटरवर. इथे सुरळीत चालले, तर लाइन बहुतेक ठीक आहे.

दुसरी चाचणी टीव्हीजवळची. तोच फोन टीव्हीशेजारी धरून तोच व्हिडीओ लावावा. फोनवरही अडखळला, तर तिथपर्यंत वायफाय नीट पोहोचत नाही. फोनवर चालतो आणि टीव्हीवरच अडखळतो, तर दोष टीव्हीत.

तिसरी चाचणी केबलची. टीव्हीला लॅनचे छिद्र असेल, तर एक दिवसापुरती लांब केबल टाकून टीव्ही थेट राउटरला जोडावा. अडखळणे थांबले, तर वायफायचा दोष पक्का.

पावसात सगळेच का बिघडते?

पाताळगंगेच्या काठी, कर्नाळ्याच्या डोंगररांगेजवळ असलेल्या आपट्यात पावसाळा जोरदार असतो. मुसळधार पावसात डिशचे चित्र जाते, हा अनुभव जुना आहे. डीटीएच सिग्नल सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या लहरींवर येतो आणि पावसाचे थेंब त्या लहरी अडवतात. घरातला वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि फायबरमधून तर प्रकाश जातो. बाहेरच्या पावसाचा या दोहोंवर थेट परिणाम होत नाही. पावसात इंटरनेट बिघडले, तर संशय जोडांत शिरलेल्या पाण्यावर, फांदीने ताणलेल्या केबलवर किंवा ये-जा करणाऱ्या विजेवर घ्यावा. २०२३ पासून आलेल्या ५जी एअरफायबरची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा डबा गच्चीवर किंवा भिंतीवर बसवतात आणि तो टॉवरकडून सिग्नल घेतो. उन्हाळ्यात निष्पर्ण असलेले समोरचे झाड जुलैत पानांनी भरून भिजते आणि सिग्नल शोषते. अशा वेळी डब्याची दिशा किंवा जागा बदलून घेणे हाच उपाय.

राउटरचे दिवे काय सांगतात?

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाशाचा सिग्नल घरापर्यंत पोहोचत नाही. फायबरची बारीक वायर कपाटामागे दबली आहे का, खिळ्याभोवती घट्ट वळवली आहे का, हे आधी पाहावे. काचेची ही तार काटकोनात वळली की प्रकाश बाहेर गळतो. तिचा जोड काढून बोटाने पुसू नये आणि टोकात डोकावू नये. ते काम तंत्रज्ञाचे.

सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर राउटर आपोआप बंद-चालू होतो आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे थकलेला ॲडॅप्टर. हलक्या कामाला तो पुरतो, पण टीव्ही, फोन आणि कॅमेरे एकदम सुरू झाले की त्याची ताकद कमी पडते. ॲडॅप्टर बदलताना व्होल्ट मूळ ॲडॅप्टरइतकेच असावेत. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. वीज वारंवार जाणाऱ्या घरात राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस उपयोगी पडतो. राउटर सेट-टॉप बॉक्सवर किंवा बंद कपाटात ठेवला, तर तो तापतो आणि तापलेला राउटर मंदावतो.

वायफाय भिंतीपाशी का अडतो?

२.४ गिगाहर्ट्झचा वायफाय लांब पोहोचतो, पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, मात्र एक-दोन भिंतींतच दम तोडतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील, तर टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवर जोडावे. गावातल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, पत्रा, लोखंडी कपाट आणि स्लॅबमधल्या सळ्या सिग्नल अडवतात. म्हणून राउटर जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीवर मोकळा ठेवावा.

नवीन पनवेलच्या इमारतीत अडचण वेगळी असते. तिथे शेजाऱ्यांचेच पंधरा-वीस वायफाय एकमेकांत घुसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांतला कमी गर्दीचा चॅनेल निवडता येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच लहरींवर चालतो. जेवण गरम करतानाच चित्र थांबत असेल, तर कारण तेच असू शकते.

रिपीटर घ्यावा का?

घेतला तरी जिथे सिग्नल मिळत नाही तिथे तो लावू नये. त्याला स्वतःलाच कमकुवत सिग्नल मिळाला, तर तो पुढेही कमकुवतच देणार. राउटर आणि टीव्ही यांच्या मध्यावर लावावा. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा कॅट-५ई प्रकारची लॅन केबल टाकणे टिकाऊ. ती १०० मीटरपर्यंत चालते. अनेक टीव्हींचे लॅनचे छिद्र १०० एमबीपीएसचेच असते, पण फोर-के व्हिडीओला तेवढे पुरेसे आहे.

फक्त रात्रीच अडखळत असेल तर?

दोन शक्यता. पहिली घरातली. फोनमधले फोटो रात्री आपोआप क्लाउडवर जातात, सीसीटीव्हीचे चित्रण सतत वर चढते. बाहेर जाणारी वाट भरली की येणारा व्हिडीओही रखडतो, कारण तुकडा मिळाल्याची पोच वेळेवर परत जात नाही. अर्धा तास हे अपलोड थांबवून पाहावे. दुसरी शक्यता बाहेरची. फायबरच्या एका तारेवर ३२ किंवा ६४ घरे जोडता येतात. रात्री नऊला सगळेच टीव्ही लावतात आणि गर्दी होते. घरातले अपलोड थांबवूनही, राउटरला केबलने जोडलेला लॅपटॉप रोज त्याच वेळी अडखळला, तर तो प्रश्न कंपनीचा.

टीव्हीच जुना असेल तर?

रिमोटने बंद केलेला टीव्ही पूर्ण बंद होत नाही. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे. न वापरलेली ॲप काढून जागा मोकळी करावी, ॲप अद्ययावत करावे. तरीही फरक पडला नाही, तर नवा टीव्ही घेण्याआधी एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक वापरून पाहावी.

तक्रार कशी करावी?

‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगितले, तर समोरून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी तारीख, वेळ, दिव्याचा रंग आणि केबल लावून केलेल्या चाचणीचा निकाल सांगावा. वेग नोंदवण्यासाठी ट्रायचे ‘मायस्पीड’ ॲप आहे. तक्रारीचा क्रमांक जरूर घ्यावा. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

महागडा प्लॅन लाइनचा वेग वाढवतो. थकलेला ॲडॅप्टर, दबलेली वायर किंवा दगडी भिंत त्याने बदलत नाही. त्यामुळे आधी तीन चाचण्या कराव्यात आणि पैसे भरायचे की नाही, ते मग ठरवावे.