सोपे साधन, स्पष्ट चित्र

जयपूर शहरातील जंतरमंतर ही वेधशाळा सवाई जयसिंह दुसरा या राजाने अठराव्या शतकात उभारली. तेथील बृहत् सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची रचना वर्णन करायला अगदी थोडे शब्द पुरतात. मध्ये एक तिरकी भिंत आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना खुणा केलेले वक्राकार कट्टे आहेत. भिंतीची सावली कट्ट्यावर पडते आणि ज्या खुणेवर ती पडते, ती त्या क्षणाची स्थानिक वेळ असते. ही सावली एका सेकंदात सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे एका मिनिटात जवळजवळ चार बोटे सरकते. चाकसूसारख्या जवळच्या गावाहून आलेला, खगोलशास्त्राचा गंधही नसलेला प्रवासी तेथे घटकाभर उभा राहिला, तरी सावली पुढे गेलेली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पृथ्वी फिरते हे आपण ऐकलेले असते. तेथे ते फिरणे बोटांनी मोजता येते.

शिकण्याच्या साधनाचे पहिले लक्षण हेच होय. जे एरवी दिसत नाही, ते साधन दाखवते. आज अशी साधने दगडात बांधावी लागत नाहीत. ती संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर तयार होतात. महाराष्ट्रात बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. त्यांच्या आधारे पुस्तकाच्या पानावरून पडद्यावरील चित्रांपर्यंत जाता येते. मात्र पडद्यावर चित्र आले, म्हणजे ते समजलेच असे नाही. चांगले साधन कसे ओळखावे आणि कसे तयार करावे, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

साधनाचे दुसरे लक्षण म्हणजे अनावश्यक गोष्टी वगळणे. मुंबईच्या लोकल गाडीतील स्थानकांचा तक्ता आठवून पाहा. त्यात लोहमार्गाची वळणे नसतात, खाड्या नसतात, दोन स्थानकांमधील खरे अंतरही नसते. असते ती एक सरळ रेघ आणि क्रमाने लिहिलेली नावे. प्रवाशाला एवढेच हवे असते. लंडन शहरातील भुयारी रेल्वेचा असाच नकाशा हॅरी बेक या आरेखकाने तयार केला आणि 1933 साली तो प्रवाशांच्या हाती आला. खऱ्या नकाशाशी त्याचे प्रमाण जुळत नव्हते. तरीही, किंबहुना म्हणूनच, कोठे गाडी बदलायची हे तो चटकन सांगत असे. चित्र काढणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे, ‘पाहणाऱ्याला नेमके काय कळायला हवे?’ त्या उत्तरात न बसणारी प्रत्येक गोष्ट चित्रातून काढून टाकावी. पडद्यावर हलणारी फुले, सतत वाजणारे संगीत आणि पाच-सहा भडक रंग यांनी चित्र आकर्षक होत नाही. लक्ष मात्र विचलित होते.

तिसरे लक्षण असे, की साधन शिकणाऱ्याच्या हाताला काम देते. आयआयटी कानपूर येथून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी करीत होते. 1978 साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात सहभागी झाले. तेथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून त्यांना शिकण्याची साधने सुचली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे आणि आगपेटीतील काड्या घ्या. तीन काड्या जोडून त्रिकोण करा आणि तो दाबून पाहा. तो आकार बदलत नाही. आता चार काड्यांचा चौकोन करा. किंचित दाबताच तो कलतो. त्यात एक तिरका आधार दिला, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही घट्ट होतो. पुलांच्या आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे बोटांना आधी कळते आणि शब्द मागून येतात. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या संकेतस्थळावर अशा खेळण्यांची छायाचित्रे, लहान चित्रफिती आणि पुस्तके मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध झाली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

काडी हातात धरता येते. पडद्यावरील चित्र धरता येत नाही. मग तेथे हाताला काम कसे द्यावे? अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी 2002 साली ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातील विद्युतमंडलाच्या साधनात तार, विद्युतघट आणि दिवा बोटाने सरकवून जोडता येतात. मंडल पूर्ण झाले तरच दिवा लागतो. लांबलचक सूचना त्यात नाहीत. ही साधने तयार करताना विद्यार्थ्यांना ती वापरायला देतात आणि ते कोठे अडतात याचे निरीक्षण करतात. जेथे ते अडतात, तेथे साधनात बदल केला जातो.

या पद्धतीमागील विचार फार महत्त्वाचा आहे. शाळा मध्येच सुटलेली व्यक्ती पुन्हा शिकू लागते, तेव्हा एखादे चित्र समजले नाही की ती म्हणते, ‘आपल्याला हे जमायचे नाही.’ दिवसभराचे काम आटोपून अभ्यासाला बसलेल्या माणसाने एका गोंधळलेल्या चित्रापायी पुस्तक मिटून ठेवावे, ही मोठी हानी होय. चित्र कळले नाही, तर दोष बहुधा चित्राचा असतो, पाहणाऱ्याचा नव्हे.

आता आपणच एक साधन तयार करू. सावकार म्हणतो, ‘व्याज महिन्याला शेकडा दोन.’ बँक म्हणते, ‘द.सा.द.शे. बारा.’ ऐकताना दोन हा आकडा लहान वाटतो आणि कर्ज घेणारा फसतो. कागदावर दहा ओळी आणि दहा रकाने आखून शंभर चौकटी करा. तशाच शंभर चौकटी शेजारी काढा. डावीकडे ‘सावकार’ आणि उजवीकडे ‘बँक’ असे लिहा. व्याज सरळव्याजाने धरायचे आहे आणि वर्षभर मुद्दल फेडलेले नाही, असे समजा. प्रत्येक महिन्यासाठी डावीकडे दोन चौकटी रंगवा आणि उजवीकडे एक. बारा महिन्यांनंतर डावीकडे 24 चौकटी भरतील, उजवीकडे 12. कर्ज 5,000 रुपयांचे असेल, तर एक चौकट 50 रुपयांची होईल. म्हणजे सावकाराचे व्याज 1,200 रुपये आणि बँकेचे 600 रुपये. असेच रंगवीत गेलात, तर पन्नासाव्या महिन्यात सावकाराच्या शंभरही चौकटी भरतात. व्याज मुद्दलाएवढे होते आणि मुद्दल तर अजून द्यायचेच असते.

हेच साधन मोबाइलवर आणायचे असेल, तर ‘पुढचा महिना’ अशी एकच कळ पुरेशी आहे. ती दाबली, की त्या त्या बाजूच्या चौकटी भराव्यात. अक्षरे मोठी असावीत. ज्यांना रंगांतील फरक ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी भरलेल्या चौकटीत तिरप्या रेघाही असाव्यात. चित्र हलके असावे, म्हणजे साध्या मोबाइलवर आणि थोड्या डेटात ते उघडेल.

साधन तयार झाले, की ते घरातील किंवा शेजारच्या व्यक्तीच्या हाती द्या. स्वतः काही सांगू नका. केवळ पाहत राहा. ती व्यक्ती जेथे थांबेल, तेथे खूण करा आणि साधन सुधारा. मग तिला एकच प्रश्न विचारा, ‘यांतले कोणते कर्ज घ्याल?’ तिने चौकटींकडे बोट दाखवून उत्तर दिले आणि त्यामागचे कारणही सांगितले, तर साधन उत्तम झाले असे समजावे.